दुखरा खांदा, अधू पाय आणि राखणीची बंदूक



पावसाळा सरून ऊस पेऱ्यावर आला, की डोंगराकडच्या गटांतून शेती खात्याकडे एकच तक्रार यायला लागते: डुक्कर उसात शिरलं. बिबट्याची दहशत मोठी, गव्याचं तुडवणं मोठं, पण रोजचा त्रास डुकराचाच. कळप रात्री सरीत घुसतो, बुडख्याजवळचं कांडं फोडून चघळतो, चोथा तिथंच टाकतो आणि पुढचा ऊस धरतो. खातो त्याच्या कितीतरी पट पाडून ठेवतो. पडलेला ऊस वजनात मार खातो, उताऱ्यात मार खातो, आणि वरून उंदीर लागले की राहिलेलंही जातं. असा फड घ्यायला टोळीचा मुकादमसुद्धा का-कू करतो.

या तक्रारीला जोडून गेले दोनतीन हंगाम आम्हाला दुसरा एक प्रश्न विचारला जातो. "साहेब, कमी धक्क्याची बंदूक कोणती घ्यावी?" विचारणारे बहुतेक साठी ओलांडलेले. वडिलांची बारा बोअर वारसाने नावावर झालेली, लायसेन्स चालू, पण आता खांदा साथ देत नाही आणि गुडघा वाकत नाही. कोणाला लहानपणी पोलिओ झालेला, कोणाचा एक हात अर्धांगाने कमजोर झालेला. मुलं पुण्या-मुंबईला. तेव्हा राखणीला बसायचं ते म्हाताऱ्यानंच. बंदूक हा काही ऊसविकासाचा विषय नव्हे, हे आम्हालाही कळतं. परंतु विचारणाऱ्याला वाटेला लावण्यापेक्षा आमच्या गटांतील माजी सैनिक आणि जुने जाणते परवानाधारक यांच्याशी बोलून जे पक्कं समजलं ते इथे मांडतो.

कायद्याचं आधी सांगतो, कारण तिथेच पुष्कळांचा पाय घसरतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. रानडुक्कर त्यात पूर्वी तिसऱ्या अनुसूचीत होतं. २०२२ च्या दुरुस्तीने, १ एप्रिल २०२३ पासून, ते दुसऱ्या अनुसूचीत आहे. आपल्या फडात आलं म्हणून आपण मारलं, असं चालत नाही. उभ्या पिकाला धोका झाला असेल तर कलम ११ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षक, किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी, लेखी परवानगी देऊ शकतो. ती हातात असेल तरच बार काढायचा. परवानगीने पडलेलं जनावरही सरकारी मालमत्ता असतं, त्याचे वाटे घालणं हा गुन्हा आहे. बंदुकीचं लायसेन्स म्हणजे शिकारीचं लायसेन्स, अशी समजूत अजून गावोगाव आहे. ती काढून टाकावी.

बंदुकीपुरतं पाहिलं तर १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक धरलेली आहे. ती पुरी पडत नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली तर निदान २० इंच नळीची दुसरी साधी, म्हणजे आतून आटे नसलेली, बंदूक मंजूर होऊ शकते. रायफलीला याहून सबळ कारण दाखवावं लागतं. २०१९ च्या दुरुस्तीपासून एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात आणि लायसेन्स पाच वर्षांचं झालं आहे.

आता धक्का म्हणजे काय ते पाहू. मोटार सुरू केल्यावर पाईपाच्या तोंडातून पाणी जोरात पुढे सुटतं आणि पाईप मागे रेटा देतो, हे आपण रोज पाहतो. बंदुकीचं तेच. छर्रे आणि दारूचा वायू जेवढ्या जोराने पुढे जातात तेवढ्याच रेट्याने बंदूक मागे येते. हा धक्का किती बसणार हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं: पुढे किती वजनाचा माल किती वेगाने गेला, आणि मागे येणारी बंदूक किती वजनाची आहे.

हिशेब असा. काडतूस तेच ठेवून ३ किलोच्या बंदुकीऐवजी ४ किलोची घेतली, तर खांद्यावर येणारी धक्क्याची शक्ती पाऊणपट राहते. उलट बंदूक तीच ठेवून ३२ ग्रॅम छऱ्याऐवजी २४ ग्रॅमचं काडतूस त्याच वेगाचं वापरलं, तर शक्ती जवळजवळ निम्म्यावर येते. म्हणजे माल चौथाईने कमी केला तर धक्का निम्मा. बंदूक बदलण्याआधी काडतुसाचा डबा वाचावा, असं आम्ही म्हणतो ते यासाठी. छऱ्याचं वजन ग्रॅममध्ये डब्यावर छापलेलं असतं.

इथे एक गैरसमज फार आहे. एलजीचा दाणा मोठा म्हणून तो जास्त लाथ मारतो, असं लोक बोलतात. दाण्याच्या आकाराचा धक्क्याशी संबंध नाही. ३२ ग्रॅम एलजी आणि ३२ ग्रॅम चार नंबर एकाच वेगाने गेले तर खांद्याला फरक कळायचा नाही. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची 'शक्तिमान' काडतुसं आपल्याकडे बहुतेकांच्या वापरात आहेत. त्यांतलं कोणतं घेतो ते वजन बघून घ्यावं. दुसरी गोष्ट जुन्या विलायती बंदुकांची. त्यांतल्या पुष्कळांचं घर, म्हणजे काडतूस बसण्याची जागा, अडीच इंची म्हणजे ६५ मिलिमीटरची असते. त्यात ७० चं काडतूस आत जातं, पण उडाल्यावर त्याचं तोंड उघडायला जागा राहत नाही. दाब वाढतो, धक्का वाढतो, आणि जुनी नळी असेल तर जिवावरही बेतू शकतं. आजोबांची बंदूक अलीकडे फार लाथ मारायला लागली असेल, तर आधी हे तपासून घ्यावं.

तर मग जड बंदूक घ्यावी. पण अधू माणसाने जड बंदूक उचलायची कशी? सगळा पेच इथेच आहे. दुकानदार वय बघून सरळ हलकी एकनळी पुढे करतो. "काका, ही घ्या, हाताला हलकी आहे." हाताला हलकी, ती खांद्याला जड. अडीच किलोच्या एकनळीतून बारा बोअरचं पुरं काडतूस काढलं तर तरणा गडीसुद्धा खांदा चोळत बसतो.

आमच्या एका डोंगराकडच्या गटातील सभासदांचं उदाहरण देतो. ट्रॅक्टरवरून पडून त्यांचा उजवा खांदा कामातून गेला आणि डावा पाय आखडला. चालतात काठीवर. फड जंगलाला लागून, खोडवा दोन एकर. त्यांना सगळे सांगत होते, तात्या, बंदूक ठाण्यात जमा करा आणि गप झोपा. त्यांचं म्हणणं वेगळं. "साहेब, मी काय डुकराच्या मागं पळणार नाही. पण परवानगी मिळाली तर बसल्या जागेवरनं एक बार नीट काढता आला पायजे. नायतर वर्षभर खत घालून डुकरं पोसायची का?" त्यांच्याकडे घरची जड दुनळी होती आणि ती विकून हलकी घ्यायच्या विचारात ते होते. गटातल्या एका निवृत्त सुभेदारांनी ती विकू दिली नाही. त्यांनी बाभळीचं एक बेचकं तोडून आणलं, बसल्यावर बरोबर छातीच्या उंचीला येईल एवढं, आणि जमिनीत पक्कं रोवलं. बेचक्यावर गोणपाट गुंडाळलं. बंदुकीचा पुढचा लाकडी भाग त्यावर टेकवला की तीन-साडेतीन किलोतलं बहुतेक वजन बेचकं घेतं. हाताला नुसतं वळवायचं काम राहतं. वजन बेचक्याने उचलायचं आणि धक्का वजनाने खायचा, एवढीच ती युक्ती. शिवाय तात्यांनी बंदूक डाव्या खांद्याला घ्यायला सुरुवात केली. पहिला महिना रिकाम्या बंदुकीवर गेला, मग जमलं. नवी बंदूक घ्यावी लागलीच नाही.

बेचकं लावताना नळी त्यावर टेकवू नये, लाकूड टेकवावं. नळी कडक वस्तूवर टेकली तर बार उडताना ती उसळते आणि नेम वर जातो.

बसायची पद्धतही महत्त्वाची आहे. उभा माणूस धक्क्याबरोबर थोडा मागे झुलतो, त्यामुळे धक्का विरतो. पालथं पडून बार काढला तर शरीराला मागे सरायला वाव नसतो. म्हणून तो सगळ्यांत जास्त लागतो. भिंतीला, झाडाच्या खोडाला किंवा माळ्याच्या खांबाला पाठ घट्ट टेकवून बसणं त्याहून वाईट. दुखऱ्या खांद्याच्या माणसाने खुर्चीवर किंवा बाजल्यावर ताठ बसावं, पाठीमागे वीतभर जागा मोकळी असावी, अंग किंचित पुढे असावं. चाकाची खुर्ची असेल तर ब्रेक लावून तिरकं बसावं, म्हणजे धक्का खुर्चीच्या आडव्या अंगाला न बसता लांबीच्या दिशेने जाईल आणि ती कलंडणार नाही. माळ्यावर शिडीने चढउतार करताना बंदूक भरलेली नसावी आणि ती दुसऱ्याने वर द्यावी, हे वेगळं सांगायला नको. तरी सांगतो.

आता हातांचा विचार. ठासणीची बंदूक कायद्याने सोपी, पण अधू माणसाला तीच सगळ्यांत अवघड. उभं राहून गज मारायचा, दारू मोजायची, केप चढवायची, हे सगळं दोन हातांचं आणि उजेडातलं काम. त्यात दारू मुठीच्या अंदाजाने घालायची सवय. जरा जास्त पडली की खांद्यावर ट्रॉली उलटल्यागत होतं. पंप अ‍ॅक्शनला डाव्या हाताने पुढची मूठ जोरात मागेपुढे करावी लागते, अर्धांगाच्या माणसाला ते जमणार नाही. परदेशात वायूच्या जोरावर आपोआप भरणाऱ्या बंदुका मिळतात आणि त्यांचा धक्का मऊ लागतो हे खरं. आपल्याकडे त्या साध्या परवान्यावर मिळायच्या नाहीत, तेव्हा तो विचार सोडावा. राहिली मधोमध मोडणारी दुनळी. ती मांडीवर घेऊन उघडता येते, भरली आहे की रिकामी हे अंधारातही बोटाने चाचपता येतं, आणि दोन काडतुसं काढली की ती लोखंडाचा दांडा होते. बसून राखण करणाऱ्याला आमच्या मते हीच बरी. घेताना घोडे बाहेर असलेली आहे की आत, हे बघावं. बाहेरचे घोडे अंगठ्याने ओढायला ताकद लागते. सांधेदुखीच्या बोटांतून घोडा निसटला तर बार नको तेव्हा उडतो. आतल्या घोड्यांची बंदूक मोडतानाच ते चढतात, पण मोडायला जोर लागतो. दुकानात स्वतः पाचसात वेळा उघडझाप करून पाहावी, मुलाने करून दाखवलेली चालणार नाही. दोन चापांच्या दुनळीत थरथरत्या बोटाने दोन्ही बार एकदम जायची भीती असते. ज्याला ती भीती वाटते त्याने एकच नळी भरावी.

२० बोअरची बंदूक धक्क्याला बारापेक्षा मवाळ असते, कारण तिचं काडतूसच कमी मालाचं. परंतु बारा बोअरचं काडतूस जसं जिल्ह्याच्या दुकानात मिळतं तसं वीसचं मिळेलच असं नाही. घेण्याआधी काडतुसाची सोय बघावी. आणि एक धोक्याची सूचना: घरात बारा आणि वीस दोन्ही असतील तर काडतुसं वेगवेगळ्या कुलपात ठेवावीत. विसाचं काडतूस बाराच्या नळीत चुकून पडलं तर आत सरकून अडकतं, मागून बाराचं बसतं, आणि चाप ओढला की नळी फुटते.

रायफलीबद्दल विचारणारेही आहेत. परदेशात, विशेषतः अमेरिकेत, वयस्कर आणि अपंग शिकारी धक्का टाळण्यासाठी लहान गोळीच्या रायफली पसंत करतात. १९५५ साली आलेली .२४३ विंचेस्टर ही त्यांत प्रसिद्ध, तिचा धक्का.३०-०६ च्या सुमारे निम्मा धरतात. स्वीडनमध्ये ६.५ × ५५ हे जुनं लष्करी काडतूस मवाळ धक्क्याचं असूनही एल्कसारख्या मोठ्या हरणाला पिढ्यान् पिढ्या वापरलं गेलं आहे. त्यावरून एवढं दिसतं की जनावर मोठ्या धक्क्याने पडत नाही, गोळी जागेवर लागली की पडतं. पण या रायफली आपल्याकडच्या सभासदाला मिळणं दुरापास्त, कारण सर्वसामान्य परवानाधारकाला परदेशी हत्यार आयात करणं १९८० च्या दशकापासून बंद आहे. आपल्याकडे सरकारी कारखान्याची .३१५ आणि .३०-०६ याच मुख्य. .३०-०६ चा धक्का दुखऱ्या खांद्याने घेऊ नये. .३१५ त्या मानाने सोसवते, तरी बोल्ट उचलून मागे ओढायला उजवा हात धड लागतो. .२२ ला धक्का जवळजवळ नाही, म्हणून कोणीतरी ती सुचवतंच. डुकरावर ती कधीही वापरू नये. जनावर जखमी होऊन उसात बसतं आणि सकाळी पाणी द्यायला गेलेल्या माणसाच्या अंगावर येतं. त्याशिवाय रायफलीची गोळी सपाट रानात मैलच्या मैल जाते. आपल्या भागात फडापलीकडे वस्ती, वस्तीपलीकडे टोळीच्या खोपी. बसून, जमिनीच्या पातळीवरून रायफल मारणाऱ्याच्या गोळीला मागे माती लागत नाही. आमचं मत रायफलीच्या विरुद्ध आहे, ते धक्क्यापेक्षा या कारणासाठी.

बंदूक अंगाला बेताची असणंही तितकंच गरजेचं. चापापासून दस्त्याच्या टाचेपर्यंतची लांबी जास्त असेल तर टाच खांद्याच्या खोबणीत न बसता दंडावर किंवा गळपट्टीच्या हाडावर बसते, आणि तिथे थोडा धक्काही हाड हलवतो. बसून बंदूक धरताना लांबी थोडी कमीच लागते. पौषातल्या राखणीला घोंगडं पांघरून बसणार असाल तर आणखी कमी. दस्त्याच्या टाचेला मऊ रबराचं पॅड बसवलं की तोच धक्का जरा जास्त वेळात आणि जास्त जागेवर पसरून येतो. खर्च थोडा, गुण मोठा. पॅडने लांबी वाढते, तेव्हा तेवढं लाकूड कमी करून घ्यावं. हे काम परवाना असलेल्या बंदूक कारागिराकडूनच करून घ्यावं. गावच्या सुताराने दस्त्याला चीर पाडल्याची उदाहरणं आहेत. नळी मात्र कापू नये. २० इंचांखाली गेली तर कायदा मोडतो, आणि हलकी झाल्याने धक्का वाढतो तो निराळाच.

सरावाबद्दल थोडं. धक्क्याने खांदा दुखतो यापेक्षा मोठं नुकसान म्हणजे मन धास्तावतं. पुढच्या वेळी चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतात, खांदा आखडतो आणि नळी हलते. ही खोड एकदा लागली की जाता जात नाही. तिला कारण निम्मं धक्क्याचं आणि निम्मं आवाजाचं असतं. सराव रिकाम्या बंदुकीवर, घरात, नकली काडतूस घालून करावा. खरे बार जिल्ह्याच्या रायफल क्लबात, कानात बोळे घालून, हलक्या काडतुसाचे काढावेत, आणि एका वेळी चारपाचाच्या वर नकोत. सुभेदारांची एक पद्धत सांगण्यासारखी आहे: क्लबात टाच आणि खांदा यांच्यामध्ये वाळूची लहान पिशवी ठेवायची. ती धक्का चांगला खाते. फडात तिचा उपयोग नाही.

हृदयाला पेसमेकर बसवलेला असेल तर त्या बाजूच्या खांद्याला बंदूक लावू नये. खांद्याचं, मानेचं किंवा डोळ्याचं ऑपरेशन झालेल्याने डॉक्टरांना स्पष्ट विचारावं. लायसेन्सच्या अर्जाला वैद्यकीय दाखला लागतोच. ओळखीच्या डॉक्टरकडून नुसती सही आणण्यापेक्षा त्याच वेळी खांदा दाखवून घ्यावा.

ज्याला पळता येत नाही त्याने दोन बाबतींत मुळीच सवलत घेऊ नये. उसाचं पान हललं म्हणून बार काढायचा नाही. जनावर पूर्ण उघड्यावर, बांधावर किंवा सरीच्या तोंडाशी, तीस पावलांच्या आत आणि विजेरीच्या उजेडात डुक्कर म्हणून ओळखू आलं तरच. पाल्यात हलणारं बिबट्या असू शकतं, गवा असू शकतो, वैरणीला आलेली बाई असू शकते. दुसरं, जखमी डुकराच्या मागे उसात शिरायचं नाही, आणि नातवालाही पाठवायचं नाही. बंदूक मोडून काडतुसं काढावीत, जागेवरच बसून राहावं, आणि वनपालांना फोन करावा. राखणीला बसताना एक धडधाकट सोबती बरोबर हवाच. लायसेन्सवर मदतनिसाचं नाव घालता येईल का, हे जिल्हाधिकारी कचेरीत विचारून घ्यावं. नाव नसताना त्याच्या हातात बंदूक देऊ नये.

परवानगी मिळाली नाही, किंवा वरचं सगळं वाचून आपल्याच्याने हे होणार नाही असं वाटलं, तर नुकसानीचा पंचनामा तरी चुकवू नका. डुक्कर शिरल्याचं दिसताच, ऊस उचलण्याआधी, वनखात्याकडे अर्ज द्या. सात-बारा आणि नोंदीचा दाखला गट ऑफिसात तयार करून मिळेल. कुंपणात वीज सोडण्याचा विचार कोणी करत असेल तर त्याने तोडणीला येणाऱ्या टोळीतली पोरं डोळ्यांसमोर आणावीत.

आणि एक बारीक गोष्ट राहिली. निवडणूक आली की बंदुका ठाण्यात जमा करायचा हुकूम निघतो. जमा करताना पावतीवर बंदुकीचा नंबर असतो, पण नव्याने बसवलेलं रबरी पॅड आणि पट्टा यांची नोंद आपण सांगितल्याशिवाय होत नाही. ती आठवणीने लिहून घ्यावी.